सापडलेला इसम

कुलूपरावांनी जन्मात कुणाची टाचणीसुद्धा उचलली नव्हती, पण चोरीचं त्यांना जेवढं ज्ञान होतं तेवढं एखाद्या मुरलेल्या चोरालाही नसेल. विमा कंपनीत घरफोडीच्या दाव्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. कुठली कडी बाहेरून उचकटली, कुठली आतून, कुठल्या खिडकीतून माणूस शिरू शकतो आणि कुठल्या खिडकीतून तो शिरला असं फक्त मालक म्हणतो, हे त्यांना नुसते फोटो बघून कळायचं. कुलूपराव हे नावही ऑफिसातच पडलेलं. घरातून निघताना ते कुलूप लावायचे, ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढून पुन्हा एकदा ओढून बघायचे. बायको तोवर खाली उभी राहून शेजारणीबरोबर एखादा विषय सुरू करून संपवायचीसुद्धा.

तर अशा या गृहस्थांची कंपनीनं मोठ्या शहरातल्या मुख्य कचेरीत बदली केली, तीही बढतीवर, त्यामुळे तक्रार करायची सोय उरली नाही. सामान एका गोदामात पडलं आणि नवरा-बायको येऊन पडले बायकोच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे मेहुण्यांच्या हॉलमध्ये. मेहुण्यांनी मोठ्या मनानं "हवं तितके दिवस राहा" म्हटलं. हे वाक्य ज्याला उद्देशून म्हटलं जातं त्यानं ते शब्दशः घ्यायचं नसतं, एवढी समज कुलूपरावांना होती. शिवाय मेहुण्यांची बायको रोज सकाळी चहा देताना विचारायची, "मग आज कुठली वस्ती बघणार?" आजाऱ्याला "ताप उतरला का" विचारतात ना, अगदी त्या सुरात.

बायकोच्या अटी साध्या होत्या. स्वयंपाकघरात ऊन यावं, नळाला पाणी यावं, आणि बोलायला चार बायका असाव्यात. कुलूपरावांची अट एकच होती. वस्ती सुरक्षित हवी. ज्या माणसानं उभी नोकरी दुसऱ्यांच्या फुटलेल्या घरांवर शेरे मारण्यात घालवली, त्याचंच घर फुटलं तर कंपनीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. "घरफोडीवाल्याचंच घर फोडलं" हे वाक्य मधल्या सुट्टीत कोण कुठल्या आवाजात म्हणेल, हेसुद्धा त्यांना ऐकू येत असे.

"तुम्ही पोलीस ठाण्याला लागून घर घ्या, दाजी," मेहुणे म्हणाले. "चोर फिरकणारच नाहीत."

सल्ला बिनतोड वाटला. ठाण्याच्या भिंतीला भिंत लागून एक जागा रिकामी होतीच. का रिकामी आहे हे मात्र विचारायचं राहून गेलं. कुलूपराव बघायला गेले तेव्हा शेजारच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. कुलूपरावांनी अदबीनं विचारलं, "इथे चोरांचा त्रास नसेल, नाही?"

"त्रास असा नाही," बाई चिमटा तोंडात धरून म्हणाल्या. "पण येतात रोज. सगळ्या शहरातले चोर धरून इथेच तर आणतात. आणि सोडतात तेही इथेच. सुटल्यावर पहिलं घर आमचंच लागतं ना. परवा एकानं प्यायला पाणी मागितलं." मग न्यायाला धरून त्यांनी पुढे सांगितलं, "भांडं मात्र परत दिलं हो त्यानं."

कुलूपराव भांडं परत देणाऱ्या चोरांवर विसंबणाऱ्यांतले नव्हते.

मग मेहुण्यांनी दुसरं टोक गाठलं. शहराच्या नव्या भागात उंच इमारतींचं एक संकुल होतं. चहूबाजूंनी भिंत, भिंतीवर तार, फाटकावर पहारेकरी. फाटकापाशी कुलूपरावांचा फोटो काढला, अंगठा घेतला, कुणाकडे जायचंय ते विचारलं. रिकाम्या जागेकडे जायचंय म्हटल्यावर पहारेकरी म्हणाला, "मग आतून कुणीतरी 'सोडा' म्हणायला हवं."

"जागा रिकामी आहे. आतून कोण म्हणणार?"

"तेच ना," पहारेकरी समजूतदारपणे म्हणाला.

शेवटी परदेशी असलेल्या मालकाला फोन लावून आत जायची परवानगी मिळाली. बाहेर यायची मात्र घ्यायची राहिली. परतीच्या चिठ्ठीवर ज्याला भेटलात त्याची सही लागते, आणि कुलूपराव भेटले होते चार कोऱ्या भिंतींना. तोवर मालकाच्या देशात रात्र झाली होती आणि त्यानं फोन बंद केला होता. दुपारभर कुलूपराव पहारेकऱ्याच्या खोलीत बसून राहिले. बंदोबस्ताचं त्यांना एरवी केवढं कौतुक, पण तो आपल्या विरुद्ध वापरला गेला की कसा वाटतो हे त्यांना प्रथमच कळलं. संध्याकाळी बायको म्हणाली, "तुरुंगातही भेटायला आलेल्याला घरी सोडतात."

अशा खचलेल्या मनःस्थितीत ते ऑफिसात बसले असताना हेडक्लार्क त्यांच्या टेबलाशी आले. हे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले होते आणि सल्ला द्यायला मिळाला तर जेवण विसरत. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "भिंती कसल्या बघता? माणसं बघा. वस्तीत जायचं, एखादी वस्तू विसरल्यासारखी ठेवायची, आणि लांबून बघत राहायचं. वस्तू गेली तर वस्ती वाईट, राहिली तर चांगली. साधी गोष्ट आहे."

"तुम्ही केलंय असं कधी?"

"मला काय गरज? मी वडिलोपार्जित घरात राहतो," हेडक्लार्क म्हणाले आणि डबा खायला गेले.

ज्यानं कधी पाणी पाहिलं नाही त्याच्याकडून पोहायला शिकू नये. पण दाव्यांच्या टेबलावर काम केलेल्या माणसाला 'पुरावा' हा शब्द फार प्रिय असतो, आणि ही युक्ती कुलूपरावांना शास्त्रशुद्ध वाटली. वस्तू म्हणून त्यांनी स्वतःची लांब दांड्याची काळी छत्री निवडली. ती जुनी होती, पण दिसायला भारदस्त होती, म्हणजे चोराला मोह पडावा आणि गेली तर आपल्याला हळहळ वाटू नये अशी.

पहिल्या वस्तीत त्यांनी छत्री एका ओट्यावर ठेवली, बुटाची नाडी बांधायला वाकले, आणि उठून बघतात तो ओटा मोकळा. नाडीसुद्धा अजून बांधून व्हायची होती. सुदैवानं पलीकडच्याच कोपऱ्यावर एक माणूस ती छत्री विकायला उभा होता. त्यांनी ती मुकाट्यानं परत विकत घेतली. या व्यवहाराबद्दल ते पुढे कुणाशीही बोलले नाहीत.

दुसऱ्या वस्तीत छत्रीला कुणी हात लावला नाही. उलट थोड्या वेळानं एका बाईनं शेजारी मोडकी खुर्ची आणून टेकवली. मग कुणी फुटकी बादली ठेवली. मग एक गादी आली. छत्री ठेवलेली पाहून लोकांचा समज झाला की अडगळ टाकायची जागा बदललेली दिसते. कुलूपराव छत्री उपसून काढायला गेले तेव्हा खिडकीतून एक म्हातारा ओरडला, "टाकलेलं परत नेऊ नका हो, वाईट सवय लागते." वस्ती प्रामाणिक, पण अस्वच्छ, असा शेरा त्यांनी मनात मारला.

तिसरी वस्ती त्यांना अवचित सापडली. बस चुकली म्हणून ते एका गल्लीत शिरले, आणि गल्ली त्यांना बरी वाटली. दोन्ही बाजूंना जुनी दुमजली घरं, मध्ये एक झाड, झाडाखाली बाक. एका टोकाला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या टोकाला फळांची गाडी. कुलूपरावांच्या सराईत नजरेला घरांच्या कड्या मात्र अगदीच तकलादू दिसल्या. पण परीक्षा ती परीक्षा. त्यांनी बाकावर छत्री ठेवली आणि रमतगमत पुढे निघाले.

दहा पावलं गेले नसतील तोच शिंपी गळ्यात टेप घालून धावत आला. "साहेब, छत्री."

कुलूपरावांनी आभार मानले. पण एका साक्षीवर दावा मंजूर होत नसतो. गाडीवरून त्यांनी केळी घेतली, वळसा मारला, आणि ती पिशवी त्याच बाकावर ठेवली. या वेळी फळवाला आला. "साहेब, केळी विसरलात. आणि छत्री नीट धरा, दांडा खाली घासतोय."

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. पण कुलूपरावांना वाटलं, छत्री आणि केळी म्हणजे काही मोह पडावा अशी चीज नव्हे. काहीतरी चांगलं ठेवायला हवं. चांगलं असं त्यांच्यापाशी एकच होतं, नवा चष्मा. तो त्यांनी काढला, एका घराच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि लांबून बघत राहायला म्हणून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लांबून बघायचं असेल तर चष्मा लागतो.

भिंत त्यांना दिसेना. गल्ली म्हणजे ओल्या कागदावर सांडलेले रंग झाले होते. ते चाचपडत परत आले आणि भिंतीवरून हात फिरवू लागले, तर चष्मा नाही. शेजारच्या दारात एक बाई उभ्या होत्या. कुलूपराव त्यांना नम्रपणे म्हणाले, "माफ करा, इथे ठेवलेला चष्मा पाहिलात का?" बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं. मग शिंप्याचा आवाज आला, "साहेब, तो आमचा पुतळा आहे. त्याला झगा घातलाय."

एवढ्यात खरोखरच्या एक बाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, गल्लीच्या मधोमध त्यांचं घर होतं आणि सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. मघापासून त्या आपल्या खिडकीतून हा सगळा प्रकार बघत होत्या. हा माणूस वस्तू ठेवतो, निघून जातो, परत येतो, पुन्हा ठेवतो. त्यांनी कुलूपरावांचं मनगट धरलं. ती पकड अशी होती की कुलूपरावांना एकदम आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटलं.

"घर कुठे तुमचं?" बाईंनी हळुवारपणे विचारलं.

"तेच शोधतोय," कुलूपराव म्हणाले.

शिंप्यानं गळ्यातला टेप काढून हातात घेतला, टोपी काढावी तसा.

"तसं नाही," कुलूपराव घाईघाईनं म्हणाले. "घर आहे, म्हणजे नाही. होतं. सध्या मेहुण्यांकडे आहे."

"मेहुणे कुठे राहतात?"

इथे पंचाईत झाली. मेहुण्यांचं घर बसनं तीन वळणं आणि एक पूल एवढंच त्यांना ठाऊक होतं. पत्ता फोनमध्ये होता. त्यांनी फोन काढला. पण चोरानं पळवला तर उघडता येऊ नये म्हणून त्यावर त्यांनी स्वतःच एक भलामोठा सांकेतिक शब्द घातला होता, आणि चष्म्याशिवाय अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी दोनदा चुकीचा शब्द दाबला. तिसऱ्यांदा फोन कायद्यानं वागला आणि स्वतःला कुलूप लावून बसला.

"स्वतःचा फोन उघडता येत नाही," बाई शिंप्याला हलक्या आवाजात म्हणाल्या. मग कुलूपरावांकडे वळल्या. "घाबरायचं नाही हं. सतरा सत्ते किती?"

कुलूपराव उभ्या जन्मात हिशेबात चुकले नव्हते. पण भोवती माणसं जमलेली, कोपरात केळी, बगलेत छत्री, डोळ्यांपुढे अंधुक सगळं. ते म्हणाले, "एकशे सतरा."

"अरेरे," फळवाला म्हणाला. त्याला स्वतःला येत होतं असं नव्हे, पण बाईंचा चेहरा त्यानं पाहिला होता.

गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी कुलूपरावांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, जबडा हातात धरून हिरड्या बघितल्या आणि पाठीवरून सावकाश हात फिरवला. "प्रकृती उत्तम आहे," ते म्हणाले. "खाणंपिणं नीट असेल तर काळजी नाही."

"पण डोक्याचं काय?" बाईंनी विचारलं.

"त्याचं मला सांगता येणार नाही. माझ्याकडे गाईगुरं येतात, त्यांच्यात ही तक्रार नसते."

कुलूपरावांनी आपला जबडा सोडवून घेतला. खरं काय ते सांगून टाकावं असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही चोर आहात की नाही हे मी बघत होतो? तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला, कुणीतरी सावलीत खुर्ची आणली, फळवाला तर एक केळं सोलून समोर धरून उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत त्यांनी केळं खाल्लं.

चष्म्याचा पत्ताही लागला. भिंतीवर बेवारस दिसला म्हणून डॉक्टरांच्याच भाडेकरूनं तो उचलून तडक पोलीस चौकीत नेऊन दिला होता. तेव्हा आता चौकीत जायचं ठरलं. वरात निघाली. पुढे बाई, त्यांच्या मुठीत कुलूपरावांचं मनगट, मागे छत्री घेतलेला शिंपी, त्याच्या मागे राहिलेली केळी घेऊन फळवाला. गुरांचे डॉक्टर वाटेत काही लागलं तर असावेत म्हणून आले. वाटेत कुलूपरावांच्या खिशात फोन वाजला. आलेला फोन घ्यायला सांकेतिक शब्द लागत नाही. पण बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुमचे यजमान सापडलेत," बाई म्हणाल्या.

पलीकडून बायकोनं विचारलं, "हरवले कधी?"

"तेच आम्हाला कळत नाहीये. तुम्ही या."

चौकीतले हवालदार सज्जन होते. सज्जन माणूस नियमानं चालायला लागला की त्याला आवरणं कठीण. बाईंनी सांगितल्याबरोबर त्यांनी वहीत लिहून टाकलं, 'सापडलेला इसम, एक. वर्ण सावळा. सोबत छत्री व केळी.' कुलूपरावांनी चष्मा मागितला.

"तुमचाच कशावरून?"

"घालून दाखवतो."

"घालेल कुणीही," हवालदार म्हणाले. पण त्यांनी तो दिला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. कुलूपरावांनी अगदी खालच्या छापखान्याच्या नावासकट घडाघडा वाचून दाखवलं. जग पुन्हा रेखीव झालं. पहिल्यांदाच त्यांना या माणसांचे चेहरे नीट दिसले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि एवढ्या काळजीनं त्यांच्याकडे त्यांच्या लग्नातही कुणी बघितलं नव्हतं.

बायको आली ती धावतपळत, मेहुण्यांना बरोबर घेऊन. कुलूपरावांनी तिला कोपऱ्यात ओढून कानात सगळी हकीकत सांगितली. तिनं कपाळाला हात लावला, मागे वळून त्या मंडळींकडे पाहिलं आणि पुटपुटली, "आता एक अक्षर बोलू नका."

"घेऊन जाऊ ना यांना?" तिनं हवालदारांना विचारलं.

"न्या की. हरवल्याची तक्रार दाखवा."

"तक्रार केलीच नाही. ते हरवलेच नव्हते."

"मग सापडले कसे?" हवालदार म्हणाले. "वहीत नोंद झालीय, ताई. आता ती खोडता येत नाही. हरवल्याची नोंद नसताना सापडलेला माणूस मी कुणाच्या हवाली करणार? आधी हरवल्याचं लिहून द्या, मग हा इसम तोच आहे असं मी लिहितो, मग न्या."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण निदान संन्याशाला त्याआधी हरवावं लागत नाही. बायको नाइलाजानं खुर्चीत बसली आणि शेजारच्याच बाकावर बसलेला नवरा हरवल्याची तक्रार सांगू लागली.

"अंगात काय होतं?"

तिनं नवऱ्याकडे बघून सांगितलं, "निळा सदरा."

"स्वभाव?"

"चांगला आहे," ती म्हणाली आणि जरा थांबून पुढे म्हणाली, "संशयी आहे थोडा."

"पत्ता?"

मेहुण्यांनी पुढे होऊन आपला पत्ता सांगितला. हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. "हा आमच्या हद्दीत येत नाही. तक्रार तिकडच्या चौकीत करावी लागेल. मग तिकडून कागद येईल, मग मी इसम तिकडे पाठवीन. तोवर बसतील ते इथे, काही त्रास नाही त्यांचा."

कुलूपरावांचा चेहरा पडला. सकाळी हजेरी चुकली असती तर नव्या साहेबांना कारण काय सांगायचं? पोलिसांत जमा होतो? घरफोडीच्या टेबलावरचा माणूस? बढती तर गेलीच असती, वर मधल्या सुट्टीला वर्षभराचा विषय झाला असता. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ते बाईंनी पाहिलं.

"माझा पत्ता लिहा," बाई म्हणाल्या.

"पण ते तिथे राहतात का, बाई?"

"आजपासून. माझा वरचा मजला रिकामा आहे." हवालदार काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू सातवीत होतास तेव्हाही फार प्रश्न विचारायचास आणि शेवटी मी सांगितलेलंच लिहायचास."

हवालदारांनी लेखणी उचलली. बायको मात्र हिशेबी. तिनं खुर्ची बाईंकडे वळवली. "स्वयंपाकघर कुठल्या अंगाला आहे?"

"पूर्वेला. सकाळी ऊन ओट्यापर्यंत येतं."

"आणि पाणी?"

"टाकी आहे. मोटर मी लावते, माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

भाड्याचं बोलणं दोघींनी हलक्या आवाजात उरकून घेतलं. सारा जन्म ज्या क्षणाची तयारी केली तो आला होता आणि कुलूपरावांना कुणी विचारतसुद्धा नव्हतं. त्यांच्यानं राहवलं नाही. "खिडक्यांना गज आहेत का?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. बाई त्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाल्या, "आहेत हो. पडायची भीती नाही."

अशा रीतीनं कुलूपराव आधी हरवले, मग सापडले आणि मग त्यांना घर मिळालं. हवालदारांनी पावती दिली, तीवर बायकोनं 'इसम चांगल्या स्थितीत मिळाला' म्हणून सही केली. मेहुण्यांच्या बायकोनं त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना आग्रहानं वाढलं.

सामान आलं. कुलूपरावांनी पहिलं काम केलं ते दाराला कुलूप आणण्याचं. साधंसुधं नव्हे. ज्या कुलपाचा एकही दावा त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता, असं. ते हातात घेतलं की मनगट खाली जायचं. एक किल्ली त्यांच्याकडे, एक बायकोकडे. गल्लीकडे मात्र त्यांचा इलाज नव्हता. ते सकाळी फिरायला निघाले की फळवाला गाडी सोडून चौकापर्यंत सोबत यायचा. शिंपी रोज ओरडून विचारायचा, "चष्मा आहे ना?" डॉक्टर दिसले की जबडा मिटून घ्यायची त्यांना सवयच लागली. आणि बाई जिन्यात गाठून पाढे म्हणून घ्यायच्या. सतरा सत्ते एकशे एकोणीस हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की बाईंनी प्रगती आहे असं बायकोला कळवलं. मानी माणसाचे किती हाल व्हावेत याला काही मर्यादा? पण बायको खुशीत होती. तिला बोलायला चार नाही, चौदा बायका मिळाल्या होत्या, आणि विषय घरचाच होता.

मग एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. कुलूपराव ऑफिसातून आले, जिना चढले, खिशात हात घातला, तर किल्ली नाही. ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. आयुष्यात प्रथमच, अगदी खरोखर, ते काहीतरी विसरले होते. बायको भावाकडे गेली होती. त्यांनी सगळे खिसे पुन्हा तपासले, मग उगाच कठड्याला टेकून हवा खात असल्यासारखे उभे राहिले. शीळही वाजवून पाहिली, पण ती त्यांना येत नव्हती.

समोरून शिंप्यानं पाहिलंच. तो मशीन थांबवून उठला, रस्ता ओलांडून वर आला आणि काही न विचारता खिशातून किल्ली काढून त्यांचं कुलूप उघडलं.

कुलूपराव बघतच राहिले. "ही तुमच्याकडे कशी?"

"वहिनींनी बाईंना दिली होती, बाईंनी करून घेतल्या आणखी. एक माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे, एक गाडीवर असते, केळ्यांच्या खाली. पलीकडच्या दोन घरांतही आहेत. तुमचं असं होतं म्हटल्यावर..." त्यानं वाक्य सभ्यपणे सोडून दिलं.

ज्याचा दावा कधी येत नाही असलं ते कुलूप, आणि त्याची किल्ली केळ्यांच्या खाली. असा दावा त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी वाचण्याचेही कष्ट न घेता फेटाळला असता.

"आणि तुमच्या किल्ल्या?" त्यांनी जरा रागानंच विचारलं. "तुमच्या घराच्या किल्ल्या कुठे ठेवता तुम्ही लोक?"

"तुमच्याकडेच आहेत की," शिंपी म्हणाला. "गल्लीत एवढं कुलूप दुसऱ्या कुणाच्या दाराला आहे? बाई म्हणाल्या, सगळ्यांत जपून तिथेच राहतील. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळे मारून घेतलेत." मशीनवर कापड तसंच राहिलंय असं पुटपुटत तो जिना उतरून गेला.

कुलूपराव आत गेले. स्वयंपाकघराच्या दारामागे खरंच खिळ्यांची ओळ होती. आदल्या भाडेकरूंची अडगळ समजून त्यांनी तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. प्रत्येक खिळ्यावर किल्ली, प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं बांधलेला कापडाचा तुकडा, त्यावर शाळेतल्या फळ्यावर असतं तसं वळणदार अक्षर. शिंपी, डॉक्टर, फळवाला, आणि खाली बाईंची स्वतःची. त्यांनी एकेक काढून उजेडात धरली. सगळ्या साध्या, स्वस्त, कुठल्याही दुकानात होतील अशा. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, स्टूल ओढलं आणि खाली बसले.

बायको आली तेव्हा ओट्यावर, जमिनीवर, त्यांच्या मांडीवर किल्ल्याच किल्ल्या होत्या, आणि ते खिळे हलवून बघत होते.

"काय हरवलं?" तिनं दारातूनच विचारलं.

"काही नाही. डॉक्टरांची किल्ली शिंप्याच्या खिळ्यावर लावलीस," कुलूपराव चष्मा वर करत म्हणाले, "आणि हा खिळा ढिला आहे. अशानंच चोऱ्या होतात."